आधी पेत्राचा वंश सांगा

त्या माणसाबद्दल गोड बोलायला मला जमणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तो शारजा सोडून गेला तेव्हा जो तो त्याच्याबद्दल गोडच बोलत होता, आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी बोलणाऱ्याने बघितलेल्याही नव्हत्या. मी बघितल्या. त्याच्या शेजारच्या पलंगावर मी कैक वर्षं झोपलो. माझं शिक्षण चौथी, पुढे बापाने होडीवर घेतलं. तेव्हा लिहिण्यात चूक निघाली तर निघू दे. बघण्यात निघणार नाही.

आमचं वर्कशॉप शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात. मासेमारीच्या फायबरच्या होड्या आम्ही बनवायचो. साच्यात काचेच्या धाग्यांची चादर अंथरायची, वर रेझिन मारायचं, वाळलं की पुन्हा चादर. त्या रेझिनचा वास सुट्टीच्या दिवशीही अंगातून जात नसे. मी तिथला मिस्त्री. मालकाला आम्ही अरबाब म्हणायचो. म्हातारा माणूस, लहानपणी मोती काढायच्या गलबतावर बापाबरोबर गेलेला. मी येण्याआधी त्याचे साचे वाकडे होते, होडी पाण्यात सोडली की एका कुशीवर बसायची. ते साचे सरळ मी केले. हे अरबाबही नाकारत नसे.

आणि शुक्रवारी चर्चमधली मिस्सा सुटली की वसईची, अर्नाळ्याची, पालघरची माणसं माझ्याभोवती गोळा व्हायची. मराठी प्रार्थनेचं मंडळ मीच सुरू केलं. कामगारांच्या कॅम्पमधल्या आमच्या खोलीत पलंग भिंतीला लावायचे, खाली चटया टाकायच्या, आणि मी रोझरी सांगायचो. कुणाचा बाप वारला, कुणाची रजा अडली, की पहिला शब्द "मिस्त्रींना विचारा." मी वसईचा कोळी. आमचं घराणं पोर्तुगीजांच्या वेळचं ख्रिस्ती. येशूचा पट्टशिष्य पेत्रही कोळी, मीही कोळी, म्हणून पोरं थट्टेने मला पेत्र म्हणायची. मी ती थट्टा समजत नव्हतो.

मग तो आला. नव्वद सालानंतर चारपाच वर्षांनी, नगर जिल्ह्यातून, स्टोअरकीपर म्हणून. त्याचं नाव मी लिहीत नाही. सगळे नगरवाले म्हणायचे, मीही तेच लिहितो.

काडीसारखा माणूस. कान मोठे. शर्टाचं गळ्याचं बटण भर उन्हाळ्यातही लावलेलं आणि डोक्यावर ओला टॉवेल. चहा बशीत ओतायचा, निवेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचा, आणि निवला की पुन्हा कपात ओतून प्यायचा. मग बशीत कशाला ओतला? विचारलं तर म्हणायचा, "त्याला जरा मोकळं वाटावं म्हणून." असला माणूस. त्याचं बायबल स्टोअरच्या फळीवर, हार्डनरच्या डब्यांच्या मधोमध, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं असायचं. आणि कुणी काही मागायला गेलं की आधी प्रश्न.

"ब्रश द्या."

"बारा शिष्यांतला लेवी वंशाचा कोण?"

"अहो ब्रश द्या, रेझिन वाळतंय."

"मत्तय. जकातीच्या नाक्यावर बसायचा तो. त्याचं दुसरं नाव लेवी. घ्या ब्रश."

आठ दिवसांत पोरांना ह्याची चटक लागली. सकाळी स्टोअरच्या खिडकीशी मुद्दाम थांबायची. यादी पाठ करून यायची. आमच्याकडे एक पठाण वेल्डर होता, दाढीवाला खान. तो सिलेंडर मागायला गेला तर नगरवाल्याने त्यालाही सोडलं नाही.

"खानसाब, आपका कबीला कौनसा?"

"यूसुफ़ज़ई."

"यूसुफ़ म्हणजे आमचा योसेफ. आप योसेफ के वंश के?"

"बिलकुल," खान म्हणाला. "हमारे बुजुर्ग बोलते थे, हम असल में बनी इस्राईल हैं."

बनी इस्राईल म्हणजे इस्राएलाची लेकरं, हे ऐकून नगरवाला खुर्चीवरून उठून उभा राहिला. त्या दिवसापासून खानाला सिलेंडर बिनप्रश्नाचा मिळायचा, आणि नवीन हातमोजेही. मी सगळ्यांत जुना माणूस, मला हातमोजे भोकं पडलेले.

आता मुळावर येतो. पहिल्याच शुक्रवारी मी त्याला सगळ्यांच्या देखत विचारलं होतं, "नगरवाले, तुम्ही मूळचे कोण?" आमच्यात विचारतात. बाप्तिस्मा होऊन कैक पिढ्या झाल्या तरी विचारतात. कोळी, वाडवळ, सामवेदी, कोण ते कळलं म्हणजे माणूस कुठे बसवायचा ते कळतं. त्यात वाईट काय?

तो म्हणाला, "आधी पेत्राचा वंश सांगा. मग माझा सांगतो."

पोरं हसली. मी म्हटलं, "पेत्र कोळी होता."

"तो धंदा झाला, मिस्त्री. वंश सांगा. याकोबाचे मुलगे बारा, त्यांचे वंश बारा. पेत्र त्यातल्या कुणाचा? तुमचा माणूस आहे, तुम्हालाच माहीत पाहिजे."

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. पण न सांगता आलेलं उत्तर फक्त माझ्या नावावर बसलं.

तिथून शुक्रवार माझा राहिला नाही. मी रोझरी सांगायचो ती पोरं भराभर म्हणायची, कारण ती संपली की नगरवाला बोलणार असायचा. त्याला एकच ध्यास. येशूने शिष्य बाराच का निवडले? तेरा का नाही, दहा का नाही? तर बारा वंशांसाठी बारा. मग प्रत्येक शिष्य कुठल्या वंशाचा हे कुठेतरी असलंच पाहिजे. हे तो असा सांगायचा की जसं काही काल त्याच्या गल्लीत घडलं. एका शुक्रवारी म्हणाला, पेत्र जिथे जाळं टाकायचा ते गालीलचं तळं नफतालीच्या आणि जबुलूनच्या वाट्याला आलेलं, म्हणजे पेत्र, आंद्रेया, याकोब, योहान हे नफताली. प्रभूला धरून देणारा इस्कार्योत एकटा दक्षिणेचा, यहूदा वंशाचा. पोरं खूश. मार्सेल म्हणून आमचा ट्रकवाला होता, वसईचाच, तो तर मान हलवून हलवून दमला.

पुढच्या शुक्रवारी नगरवाला आला आणि म्हणाला, "मागच्या वेळचं विसरा. चुकलो."

का? तर म्हणे, नफतालीच्या लोकांना अश्शूरचा राजा येशूच्या कितीतरी शतकं आधीच धरून घेऊन गेला. ते परत आलेच नाहीत. मग तळ्याकाठी नफताली उरला कोण? बहुतेक सगळे शिष्य बन्यामीन वंशाचे असतील, दक्षिणेतून वर जाऊन राहिलेले. महिन्याभराने तेही मोडलं. म्हणाला, बारांत नसलेल्या पौलाने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय मी बन्यामिनाचा, बर्णबा लेवी होता हे लिहिलेलं आहे, देवळातल्या म्हाताऱ्या हन्नेचा आशेर वंशसुद्धा लिहिलाय. मग त्या बाराजणांचाच का लिहिला नाही?

मी म्हटलं, "ज्याचं कालचं आज टिकत नाही त्याचं ऐकायचं कशाला?"

मार्सेल म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही एवढी वर्षं एकच सांगता. हा दर वेळी नवीन सांगतो."

हा मार्सेल. ह्याला पहिली नोकरी मी लावून दिली होती.

मला दुसरीही धास्ती होती. त्या काळात तिथे इस्राएल हा शब्द तोंडातून काढायचा नाही, एवढं साधं सगळ्यांना कळायचं. ह्याला कळेना. कॅन्टीनमध्ये मोठ्याने इस्राएलाचे वंश, इस्राएलाचे वंश. मी त्याला कोपऱ्यात घेतलं. "अरे बाबा, एक दिवस उचलून नेतील. तुझ्याबरोबर आम्हालाही."

"मी देशाचं नाव घेत नाही. माणसाचं घेतो," तो म्हणाला. "याकोबाचं दुसरं नाव ते."

आणि झालं काय? एके दिवशी अरबाबनेच ते ऐकलं. स्टोअरच्या दारात काठी टेकून उभा होता. आम्हाला वाटलं, खलास, गेला हा. अरबाब आत गेला, डब्यावर बसला, आणि त्याच्या त्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "तुम बनी इस्राईल का बारा कबीला मालूम?"

नगरवाल्याने बारा नावं घडाघडा म्हटली. अरबाबने काठी जमिनीवर मारून दाखवली आणि सांगितलं की मूसाने, म्हणजे आपल्या मोशेने, अशीच दगडावर काठी मारली, बारा झरे फुटले, आणि प्रत्येक कबिल्याने आपापलं पाणी ओळखलं. हे आमच्या कुराणात आहे म्हणाला. नगरवाल्याच्या डोळ्यांत पाणी. मला ते बघवेना.

तेव्हापासून दुपारच्या नमाजनंतर अरबाब त्याला बोलवायचा. ऑफिसबाहेर सावलीत बाकडं होतं, त्यावर दोघं. मध्ये कहव्याची, त्यांच्या कडू कॉफीची, किटली आणि खजूर. अरबाब स्वतःचा कबीला सांगायचा, अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू, बिन, बिन, बिन करत, बिन म्हणजे त्यांच्यात मुलगा, वाळवंटात कुठच्या कुठे जायचा. नगरवाला मान डोलवायचा. त्या बाकड्यासमोरून मी साचे घेऊन जायचो. एवढी वर्षं साचे घेऊन गेलो, "बस" कुणी म्हटलं नव्हतं. अरबाबने माझी होडी बघितली, रंग बघितला, मला कधी माझा बाप विचारला नाही.

संध्याकाळी नगरवाला खोलीत येऊन सांगायचा, "मिस्त्री, मजा बघा. इथे माणसाला वंश विचारला तर तो छाती काढतो. आपल्याकडे विचारला की माणूस आधी दाराकडे बघतो."

मी म्हटलं, "मी नाही बघत."

"तुम्ही विचारणारे," तो म्हणाला.

खोडकरही होता. याकोबाने मरताना मुलांना जे आशीर्वाद दिले, मोशेने वंशांना दिले, त्यावरून त्याने पोरांना वंश वाटून टाकले. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एकाला आशेर दिला, कारण मोशे म्हणतो आशेर आपला पाय तेलात बुडवील. एका झोपाळूला इस्साखार दिला, कारण इस्साखार म्हणजे ओझ्यांमध्ये बसलेलं बळकट गाढव. तो पोरगा चिडण्याऐवजी आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरला. मार्सेलला नफताली, मोकळी सुटलेली हरिणी, कारण तो ट्रक तसा चालवायचा.

मला जबुलून दिला. "समुद्रकिनारी राहील, जहाजांचं बंदर होईल. मिस्त्री, तुमच्यासाठीच लिहिलंय."

सगळे म्हणाले, वा. पण पेत्राला त्याने एकदा नफताली केलं होतं, आणि मोडलं म्हणाला तरी पोरांच्या डोक्यात तेच बसलेलं. म्हणजे पेत्राच्या घरचा मार्सेल, आणि मी शेजारच्या गल्लीतला. मी त्या रात्री जेवताना कुणाशी बोललो नाही. नगरवाल्याने माझ्या ताटात बांगडा वाढला. मी तो परत ठेवला.

आता त्या गुरुवारची गोष्ट. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, फादर वेदीसमोर बाराजणांना बसवून त्यांचे पाय धुतात. आमच्या त्या चर्चमध्ये मल्याळी, तामिळ, गोव्याचे, फिलिपिनो, अरब, सगळे. मराठी माणूस त्या बारांत कधीच नव्हता. आम्हाला गोव्याच्या लोकांतच मोजायचे. मी फादरांच्या मागे किती वर्षं लागलो होतो. आणि त्या साली उपवासकाळात फादर म्हणाले, "ह्या वेळी बारा भाषांचे बारा. तुमच्या मंडळाचा एक माणूस द्या."

एक माणूस. ही जागा कुणाची होती हे सांगायला पाहिजे का? मी घरी वसईला कळवूनही टाकलं. नवीन पांढरा शर्ट शिवला. रेझिनचे डाग पायावरून जावेत म्हणून रोज संध्याकाळी ॲसिटोनने टाचा घासत होतो.

शुक्रवारी मंडळात मी विषय काढला. म्हटलं, फादरांना नाव द्यायचंय. मग मार्सेलने घसा साफ केला. "नगरवाले काय म्हणतात ते बघू या का?"

माझ्याविरुद्ध कुणी बोललं नाही. बोलले असते तर मी भांडलो असतो. त्यांनी फक्त माना त्याच्याकडे वळवल्या. बारापंधरा माना, सगळ्या एकाच वेळी.

तो म्हणाला, "मिस्त्रींना बसवा. मंडळ त्यांचं आहे."

आता कुणी म्हणेल, झालं की. नाही झालं. माझी जागा मला तो देणार? घरमालकाला भाडेकरूने सांगायचं, या, बसा? माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुम्ही कोण मला बसवणारे? सगळ्या जगाचे वंश तुम्ही वाटता, खानाचा, अरबाबचा. स्वतःचा अजून सांगितला नाही. आज सांगा. मूळचे कोण तुम्ही?"

मला वाटलं, नेहमीचं म्हणेल, आधी पेत्राचा सांगा. तसं म्हणाला असता तर मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं.

त्याने डोक्यावरचा टॉवेल काढला, घडी केली, मांडीवर ठेवला. आणि बाकड्यावर अरबाब बसायचा तसा ताठ बसला.

"मांग," तो म्हणाला. "दोर वळणारे. बापाचं नाव दावीद. त्याचा बाप याकोब, बाप्तिस्मा ह्याने घेतला. त्याचा बाप भिवा. त्याचा राणू. त्याचा संतू. त्याचा हैबती. त्याचा मसू. मसूच्या मागचं आज्यालाही येत नव्हतं."

मार्सेलने हळूच विचारलं, "एवढी नावं पाठ कशी?"

"आजा पाठ करून घ्यायचा. संध्याकाळची प्रार्थना झाली की मत्तयाच्या शुभवर्तमानातली पहिल्या पानावरची येशूची वंशावळ म्हणायची, आणि ती संपली की लगेच आमची. गावात आम्हाला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळ्यांना एकच हाक. म्हणून आजा म्हणायचा, घरात तरी नावं चालू ठेवा."

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पेत्राचा वंश मला अजून सापडलेला नाही, मिस्त्री. बहुतेक सापडणारही नाही. पण त्याच्या जाळ्याला दोर असणार. तो कुणीतरी वळलाच असेल."

रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो अगदी स्टोअरमध्ये माल मोजून द्यावा तसं म्हणाला.

त्यानंतर कुणाचं नाव द्यायचं हे विचारायचीही गरज राहिली नाही. तेलात पाय बुडवणारा तो गॅरेजवाला पहिल्यांदा बोलला, "नगरवालेच बसतील." बाकीचे हो म्हणाले. तो दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बसा की. मला काय त्याचं." अगदी हेच शब्द मी म्हणालो, आणि ती जागा मी दिली असं कुणी म्हणू नये.

गुरुवारी चर्चच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. आत ज्यांना जागा नाही त्यांच्यासाठी बाहेर खुर्च्या आणि लाउडस्पीकर. मी मुद्दाम बाहेर उभा राहिलो. नवीन शर्ट घातला नाही. आत एक लेबनॉनचा माणूस माईकवर होता, एकेकाचं नाव आणि भाषा पुकारायचा, की तो माणूस उठून वेदीपुढे जायचा. फिलिपिनो झाला, तामिळ झाला, श्रीलंकेचा झाला. मग तो लेबनॉनवाला थांबला आणि नगरवाल्याचं नाव घेऊन पुढे सरळ अरबीत सुरू झाला, "बिन दाऊद, बिन याकूब, बिन बीवा, बिन रानू..."

नगरवाल्याने त्याला सकाळी पढवून ठेवलं होतं. त्या लेबनॉनवाल्याला त्यात काही वावगं वाटलं नसेल, त्यांच्याकडे नावं अशीच असतात. तो मसूपर्यंत गेला. नगर जिल्ह्यातल्या कुठल्या तरी खेड्याच्या कडेला राहणारे, दोर वळणारे सगळे, एकामागून एक लाउडस्पीकरमधून आले आणि शारजाच्या आवारात उभ्या असलेल्या हजारो माणसांच्या डोक्यावरून गेले. माझ्या शेजारी गोव्याची एक बाई होती. तिने तिच्या नवऱ्याला विचारलं, "कोण रे हा? मोठ्या घरचा दिसतो."

आमचे मराठी लोक तर रडत होते. मार्सेलही रडत होता. फादरांनी पाय कसा धुतला ते मला बाहेरून दिसलं नाही, आणि बघायचंही नव्हतं.

तो परत आल्यावर त्याला सगळ्यांनी घेरलं. मी लांबून विचारलं, "काय, झालं समाधान?"

"पाणी फार गार होतं," तो म्हणाला. "आणि मिस्त्री, माझ्या शेजारी तो सीरियाचा बसलेला ना, त्याला विचारलं वंश कुठला. त्यालाही माहीत नाही. बघा तुम्ही."

म्हणजे जी जागा मिळावी म्हणून मी टाचा सोलून घेतल्या, त्या जागेवर बसून हा शेजाऱ्याची चौकशी करत होता.

दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार, सुट्टी. मी रांग लावून फोन बूथवरून वसईला थोरल्या भावाला फोन लावला. म्हटलं, "आपल्या आज्याच्या बापाचं नाव काय रे?"

भाऊ म्हणाला, "कशाला? जागेचं काही निघालंय का?"

"जागेचं नाही. असंच विचारतो."

"शारजावरून फोन करून असंच कोण विचारतं? मला सरळ सांग, तुला वाटणी पाहिजे का?"

मी म्हटलं, "अरे नाव सांग नुसतं. बाप पास्कल, आजा आंतोन. त्याच्या मागे?"

"आई त्याला मोठ्या होडीवाला म्हणायची," भाऊ म्हणाला. "नाव काही ऐकलं नाही." पुढे वर्षभर वहिनीने माझ्याशी फोनवर बोलणं टाकलं.

आमचं घर पोर्तुगीजांच्या वेळचं. चर्चच्या आवारात आमच्या कबरीचा दगड आहे. गावात आम्हाला सगळे नावाने हाक मारायचे. आणि बापाच्या बापाच्या पुढे मला बोलता येत नाही. ज्यांना गावाने एकही नाव दिलं नाही, त्यांच्याकडे सात. हे मला तेव्हा लागलं आणि आजही लागतं. लोक म्हणतात वय झालं की अशा गोष्टी निवतात. माझ्या नाही निवल्या.

नगरवाला दोन हजार सालानंतर एकदोन वर्षांत परत गेला. पाठीचं दुखणं. विमानतळावर न्यायला मार्सेलची गाडी होती, निम्मं वर्कशॉप फाटकाशी उभं होतं. खान वेल्डरने त्याला पेशावरी चपला दिल्या. अरबाब ऑफिसातून काठी टेकत बाहेर आला आणि त्याच्या नाकाला नाक लावलं. अरब आपल्या बरोबरीच्या माणसाला असं भेटतात. मी त्याची बॅग गाडीत ठेवली, कारण ती जड होती आणि बाकीच्यांना नीट ठेवता येत नाही.

जाताना म्हणाला, "मिस्त्री, गावी गेलो की कळवतो. एक नवीन सुचलंय पेत्राचं." कळवलं नाही. की पोरांना कळवलं आणि त्यांनी मला सांगितलं नाही, देव जाणे.

पुढे माझीही वेळ आली. हात थरथरायला लागले, चादर साच्यात सरळ बसेना. शेवटच्या दिवशी मी अरबाबला भेटायला गेलो. तो आता घरातच असायचा, भिंतीला टेकून, समोर कहवा. दिसायला कमी झालं होतं. मला वाटलं, साच्यांचं काहीतरी बोलेल. माझ्या हाताने शंभरावर होड्या पाण्यात गेल्या होत्या.

त्याने कहव्याचा कप भरला आणि म्हणाला, "मिस्त्री, वो सदीक किधर? तुम्हारा सदीक, दोस्त. बिन दाऊद, बिन याकूब, बिन बीवा, बिन रानू, बिन सांतू, बिन हैबती, बिन मासू." बाकड्यावर ऐकलेलं एकही नाव विसरला नव्हता.

मी म्हटलं, "अच्छा है." मला काहीच माहीत नव्हतं.

अरबाब हसला. मग कप माझ्याकडे करता करता मध्येच थांबला, जसं त्याला आत्ताच सुचलं. "और तुम? तुम बिन कौन?"

एवढ्या वर्षांनी.

मी ताठ बसलो. "बिन पास्कल," मी म्हटलं. "बिन आंतोन."

अरबाब कप धरून थांबला. त्याला वाटलं मी दम घेतोय.

"बिन पेद्रू," मी म्हटलं.

"बुत्रुस?" पेत्राचं अरबी नाव ते, आमच्याकडे त्यालाच पेद्रू म्हणतात.

"आयवा, हां. बुत्रुस."

खोटं असेलच असं नाही. आमच्या पट्ट्यात प्रत्येक घरात कधीतरी एक पेद्रू होऊन गेलेला असतो. अरबाबने समाधानाने मान हलवली, कप माझ्या हातात दिला, आणि पुढचं नाव ऐकायला कान माझ्याकडे केला.